अव्हिएलच्या खांद्याविषयी आणि इल्फर्डच्या घराविषयी

मी, सॅली अब्राहम रोहेकर, वय चौऱ्याहत्तर, जन्म ठाण्याचा, राहणार इल्फर्ड, लंडन, धर्माने यहुदी, धंद्याने शिंपीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरने, लिहून दिलं आहे. रागावलेल्या माणसाने मृत्युपत्र केलं तर चालतं का, हेही मी त्याला विचारून घेतलं. चालतं म्हणाला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आला तो हे लिहू नये म्हणून आला. माझे पती अब्राहम हयात असताना आम्ही दोघांनी केलेलं मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

माझी सॉलिसिटर आश्लेषा पेंडसे हिचं म्हणणं होतं, "मावशी, इंग्लिशमध्ये करा, सोपं पडेल." मी तिला सांगितलं, इंग्रजीत मी सगळा जन्म सॉरी आणि थँक यू म्हणत काढला. हे मला मराठीतच म्हणायचं आहे, तू नंतर तर्जुमा कर. तीच या मृत्युपत्राची एक्झिक्युटर, म्हणजे अंमलबजावणी करणारी, राहील.

एक. शिवणयंत्र, ओव्हरलॉक, मोठ्या कात्र्या आणि दुकानातलं उरलेलं कापड माझी धाकटी सून शानी हिला. तिला शिवता येत नाही. पण दुकान बंद करायच्या दिवशी पायऱ्या उतरून ते यंत्र गाडीत ठेवायला तीच आली होती. बाकीचे बिझी होते.

दोन. बांगड्या आणि गळ्यातलं माझा धाकटा मुलगा अव्हिएल याची मुलगी हदार हिला. हदार बेसबॉल खेळते, बाप शिकवतो म्हणून पिचिंग करते, म्हणजे बॉल टाकते. माझी सक्त सूचना आहे की तिच्या हाताबद्दल कुठल्याही कोचशी, डॉक्टरशी किंवा क्लबशी बोलायचा अधिकार तिचे आईबाप सोडून घरातल्या कोणालाही नसावा. कोणाला म्हणजे कोणाला, ते पुढे येईलच.

तीन. इल्फर्डचं राहतं घर मी माझा धाकटा मुलगा अव्हिएल याला देते. थोरला मुलगा ऍरन, राहणार स्टॅनमोर, याला त्यात हिस्सा नाही. आश्लेषा म्हणाली, मुलाला वगळलं तर कारण लिहिलेलं बरं, म्हणून लिहिते.

अव्हिएल अमेरिकेत बेसबॉल खेळून पोट भरत असे. इथे पार्कमधल्या क्लबात क्रिकेटच्या फास्ट बोलरसारखा हात फिरवणारा हा मुलगा कोणीतरी पाहिला आणि नेला. तिथे तो क्लोजर झाला. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सामना नऊ इनिंगचा असतो. क्लोजर आठ इनिंग मैदानाच्या कडेला, बुलपेन म्हणतात त्या कुंपणात, बसून राहतो. आपला संघ थोडक्यात पुढे असला की शेवटच्या इनिंगला त्याला बोलावतात. त्याने तीन जणांना बाद करायचं आणि सामना मिटवायचा. जमलं तर लोक आपापल्या गाड्या शोधायला लागतात. नाही जमलं तर त्याचं नाव शहरभर होतं.

अब्राहम आणि मी एकदा बघायला गेलो होतो. हे म्हणाले, "सगळी मॅच बसून राहतो आणि शेवटी येऊन पाच मिनिटं टाकतो, ह्याला नोकरी म्हणायची?" मग अव्हिएल दार उघडून मैदानात धावत आला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि हेही उभे राहिले. त्याने तिघांना घरी पाठवलं. परतताना हे बसमध्ये अनोळखी माणसांना सांगत होते, माय सन, माय सन.

अव्हिएलचे करारमदार, फोन, बोलणी सगळं ऍरन लंडनहून बघायचा. त्याला अकाउंट्स कळतात, माणसांशी बोलता येतं. आम्हाला बरंच वाटलं. भाऊ भावाचं बघतोय.

त्या वर्षी संघाची फायनल दुसऱ्या गावाच्या मैदानावर होती. तिथे दुपार, इथे संध्याकाळ. ऍरनने आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीला लॅपटॉप जोडला. अव्हिएल रोजच्या रोज टाकत होता, विश्रांती नव्हती, हे मला त्याच्या आवाजावरून कळत होतं. शेवटच्या इनिंगला तो आला. आपला संघ एका रनने पुढे. समोरचे दोघे बाद झाले, त्यांचा एक जण बेसवर. अव्हिएलने टाकलं आणि बॉल सुटतानाच त्याचा हात खाली गळून पडला. बॉल कुंपणापलीकडे गेला, त्यांचे दोन रन झाले, सामना गेला. सगळ्यांनी बॉल पाहिला. मी हात पाहिला. तो गुडघ्यावर बसला होता आणि दुसऱ्या हाताने खांदा धरून होता. ऍरन शेजारी म्हणाला, "ओह गॉड, स्काउट्स आलेत आज." स्काउट्स म्हणजे मोठ्या क्लबांसाठी खेळाडू हेरणारी माणसं. भावाचा हात लोंबतोय आणि हा स्काउट्स मोजतोय.

ऑपरेशन झालं. संघाने त्याला सोडलं. त्याला अजून उजव्या हाताने वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. आता तो लेस्टरला एका हॉस्पिटलात फिजिओंच्या हाताखाली काम करतो आणि दुसऱ्यांचे खांदे हलवतो.

आणि आमच्या लोकांत काय झालं? सिनगॉगमध्ये, लग्नांत, सगळीकडे एकच. अव्हिएलने ऐन वेळी कच खाल्ली. ज्यांना बॅट कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही तेही म्हणाले. शेवटी अब्राहमही म्हणायला लागले. आजारपणात उशाशी बसलेल्या ऍरनला म्हणायचे, "पोरगं चांगलं होतं रे, पण शेवटी कच खाल्ली." ऍरन पाय चेपत म्हणायचा, "हो डॅडी." हे तेच मनात धरून गेले.

गेल्या वर्षी ऍरनने घर वाढवलं म्हणून मलिदा केला, आमच्यातली आभाराची प्रार्थना. त्याच्या लाउंजमध्ये अव्हिएलचा ग्लव्ह काचेच्या चौकटीत लावलेला आहे. तो माझा नाही, त्यामुळे मी तो कोणाला देऊ शकत नाही. ऍरनचाही नाही. मी गोड पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले तेव्हा ऍरन त्या चौकटीखाली एका पाहुण्याला सांगत होता.

"त्या दिवशी सकाळी टीमचा फोन आला. डॉक्टर म्हणतो, शोल्डर बॅड आहे, रेस्ट पाहिजे. मी सांगितला, नो, ही इज फाइन, टाकेल तो. मोठी क्लबची माणसं बघायला येणार होती. यू हॅव टू टेक अ रिस्क. अनलकी."

मी ताट खाली ठेवलं. पाहुणे गेल्यावर विचारलं, "डॉक्टर नको म्हणाला होता?"

"मम्मी, इट वॉज इयर्स अगो."

"तू हो म्हणालास?"

"त्याच्या चांगल्यासाठी म्हटला."

"मग डॅडी कच खाल्ली म्हणायचे तेव्हा तू हो डॅडी का म्हणायचास?"

त्यावर तो उठून डिशवॉशर लावायला लागला. मी सांगितलं, अव्हिएलकडे जा आणि त्याला सांग. पेसाहच्या सणापर्यंत वाट बघितली. पेसाहला तो आला, जेवला, अव्हिएलला "हाऊ इज द शोल्डर, मेट" विचारून गेला.

मग मीच लेस्टरच्या ट्रेनमध्ये बसले. अव्हिएल स्टेशनवर आला होता. गाडीत बसल्या बसल्या मी सगळं सांगितलं. त्याने चावी फिरवली नाही. समोर बघत म्हणाला, "मला माहीत आहे, मम्मी."

"कसं?"

"मी तिथेच टेबलवर पडलो होतो. डॉक्टर खांदा दाबत होता. फोन स्पीकरवर होता. दादाचा आवाज ऐकला मी."

"आणि तरी गेलास टाकायला?"

"दादाने हो म्हटलं होतं. मला वाटलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"आणि डॅडींना? एकदा तरी सांगायचंस."

"डॅडी आजारी होते. दादा रोज यायचा, पाय चेपायचा. ते पण मी बंद करू?" मग म्हणाला, "क्लोजर कालची मॅच आज डोक्यात ठेवत नाही, मम्मी. ठेवली तर हात उठत नाही."

मी म्हटलं, मी क्लोजर नाही. मी कपडे शिवते. उसवलेलं मला दिसतं. तेव्हा तो हसला, आणि मग रडला.  माझा राग लेस्टरहून परत आला तो दुप्पट होऊन. ऍरनवर तर आहेच, अब्राहमवरही आहे. सिनगॉगच्या प्रत्येक शहाण्यावर आहे. आणि या सोसणाऱ्या पोरावरही आहे, कारण सगळ्यांची सोय त्याने केली आणि किंमत एकट्याने दिली.

हा मसुदा मी त्याला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, घर दोघांत वाट, नाहीतर मला नको. मी म्हटलं, घर तुझं झाल्यावर तू अर्धं दे, सगळं दे, मी बघायला येणार नाही. माझ्या हातून ऍरनला ते मिळणार नाही.

चार. माझं दफन अब्राहमच्या शेजारच्या जागेत व्हावं. जागा घेऊन ठेवली आहे. कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना, म्हणायच्या आधी ऍरनने वडिलांच्या कबरीपाशी उभं राहावं आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, मराठीत, सांगावं: "डॅडी, डॉक्टर नको म्हणाला होता. मी हो म्हटलं. अव्हिएलने कच खाल्ली नाही." व्याकरण चुकलं तरी चालेल. एवढं सांगितलं तर थोरला मुलगा म्हणून कद्दिश त्याने म्हणावा, माझी हरकत नाही. सांगितलं नाही तर माझी शेजारीण यमुना साठे हिने तिथेच हे मृत्युपत्र उघडून तिसरं कलम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं. तिला मी विचारलं आहे. तिचा आवाज रस्त्यापलीकडे जातो.

हे कलम काढ म्हणून अव्हिएलने तीनदा फोन केला. काल शानीने त्याच्या हातून फोन घेतला आणि हळूच म्हणाली, "मम्मी, काढू नका, राहू दे ते." कलम ठेवलं आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही करत आहे. त्या दोघांनीही माझ्या आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, चहा सोडून.

सही: सॅली अब्राहम रोहेकर

साक्षीदार पहिली: यमुना साठे, शेजारीण, इल्फर्ड
साक्षीदार दुसरा: राजीव कर्वे, निवृत्त शिक्षक, इल्फर्ड

ठिकाण: इल्फर्ड
दिनांक: ९ जून २०२५