नव्या जीपमधली कुईं

मंगळवार, संध्याकाळ. पांढरकवडा.

सापडली! राठोडकाकांच्या नव्या जीपमधली ती कुईं तीन दिवस मले छळून राह्यली होती. एक्सिलेटर दाबला की मी बसवलेल्या स्पीकरमधून कुईं चढायची. मी अॅम्प बदलला, वायरी बदलल्या. शेवटी काल काका म्हणाले, "उद्या सगळं काढून टाक."

आज सीटखाली हात घातला अन् डोक्यात उजेड पडला. अॅम्पची अर्थिंगची वायर मीच रंगावर कसली होती, पत्र्याला टेकतच नव्हती! काहून? गाडीवर पूजेचं स्वस्तिक ताजं. तिचा रंग खरवडायचा माझा जीवच झाला नाही. आज रुपयाएवढा खरवडला अन् वायर उघड्या पत्र्यावर आवळली.

काकांनी अख्खं गाणं ऐकलं. कुईं नाही. मग म्हणाले, "आता गाडी चालू करून दाखव ना बाप्पा."

गाडी केव्हाची चालूच होती.