कणगीतली कॅसेट

आई, तुझा आवाज कसा होता असं तुझ्या नातीनं विचारलं आणि मला तो काढून दाखवता आला नाही. एरवी मी गावातल्या कुणाचीही नक्कल करतो, तूच तोंडाला पदर लावून हसायचीस. पण तुझं ‘बरं बरं’ माझ्या तोंडून आलं ते कुणा भलत्याच बाईचं. तू गेल्यानंतर जन्मलेली ही पोर, तिला तू फक्त भिंतीवरच्या फोटोत ठाऊक. ती म्हणाली, बाबा, जुन्या कॅसेटी आहेत ना, त्यांच्या डिस्क करून घ्या, आजीला बोलताना बघू दे.

म्हणून मी यंत्र शोधायला निघालो. भूगावला आमच्या फ्लॅटजवळ जुने टीव्ही दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे गेलो. जायच्या आधी बरंच वाचून शहाणा झालो होतो, माझी खोड तुला माहीत आहे. मला एकात एक असलेलं यंत्र हवं होतं, एका खाचेत कॅसेट घातली की दुसरीतून डिस्क तयार. त्यांनी मला बसवलं आणि आधी कॅसेटी मागितल्या. एकेकीची झडप उघडून उजेडात धरली. काळ्या फितीच्या कडेनं पांढरी बुरशी होती, शिळ्या भाकरीवर धरते तशी. ते म्हणाले, तुमच्या त्या यंत्रात ही घातली तर बुरशी आत चिकटेल, आणि मागून घातलेली चांगली फीतही नासेल. त्यापेक्षा साधा जुना व्हीसीआर घ्या, झाकण उघडलं की आतून पुसता येतो, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडू आणि डिस्क सगळ्यात शेवटी करू. मी मुकाट्यानं ऐकलं. दर कॅसेटीनंतर त्यांनी यंत्र पुसलं, तरी पाच कॅसेटी वाया गेल्या. वास्तुशांतीचीही गेली, जिच्यात तू नवं लुगडं नेसून नाव घेतलं होतंस. नुसत्या रेघा आणि खरखर. सहावी हातात घेऊन ते थांबले.

“ही कुटं ठेवली व्हती? कोरडी ठाक हाय.”

कणगीत, मी म्हणालो. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

तुला ती सकाळ आठवत असेल. रिहे गावातल्या आपल्या घरामागं स्लॅबच्या दोन नव्या खोल्या झाल्या होत्या आणि मी ऐटीत लोखंडी कपाट आणलं होतं. तू चुलीपाशी बसलेली आहेस, मागं शेणानं सारवलेली कणगी, तिच्यात बियाण्याचं भात. सगळ्या कॅसेटी तू फडक्यात गुंडाळून त्या भातात पुरून ठेवल्या होत्यास. मी एकेक उकरून काढतोय, कोंडा झटकतोय आणि तुझ्यावर ओरडतोय. तू शांतपणे म्हणालीस, “नव्या खोल्यांस्नी वल येती. बी जितं टिकतं तितं हेबी टिकंल.” मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. कंपनीत कामाला लागून वर्ष झालं होतं, तेवढ्यात मला सगळं कळायला लागलं होतं. मुळशीचा पाऊस चार महिने भिंतीतून आत येतो हे तुला कळत होतं, मला नाही. कपाट कुलपासकट ओलं झालं. एक कॅसेट मात्र तू काढू दिली नव्हतीस. तुझं बारावं झाल्यावर कणगी रिकामी केली तेव्हा ती तळाशी सापडली.

ताईच्या हळदीची. व्हीसीआरवर ती लागली आणि मी खुर्चीत अंग चोरून बसलो, कारण तिच्यात काय आहे ते मला माहीत होतं. कंपनीतल्या मित्राचा कॅमेरा माझ्या खांद्यावर आहे, अंगणात पाहुण्या बायका नटून बसल्यात, आणि तू तांदूळ धुतलेल्या हातानं, पीठ लागलेल्या जुन्या लुगड्यात मधे येतेस. लेकीला हळद लागताना बघायला आली होतीस, दुसरं काय. माझा आवाज येतो, “आई, बाजूला हो. असल्या लुगड्यात मधी येऊ नको.” माझं संपायच्या आत तुझं सुरू होतं, “बरं बरं. मी कुटं येतीया.” तू हसतेस आणि बाजूला होतेस. सहा कॅसेटींमधून तुझा एवढाच आवाज उरला. ही तू का जपलीस, लेक आहे म्हणून की तू स्वतः आहेस म्हणून, मला कळत नाही. विचारायचं सुचलं नाही. त्या दिवशी तुझी माफीही मागितली नाही, नंतरही नाही.

गृहस्थांनी फीत थांबवली. मग खाली बघत म्हणाले, आवाज ठेवू का काढू? नुसता माझा काढता येईल का, मी विचारलं. ते म्हणाले, दोन्ही एकात एक गुंतलेत, तुमचा काढला तर त्यांचाही जाईल.

मी काढायला सांगितला, आई.

मूळ कॅसेट फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. कुठंच न जाणारं हे पत्र तिच्यासोबत ठेवीन. काल सगळे मिळून डिस्क बघितली. बायकांची गाणी ऐकू येत होती, तू आलीस आणि एकदम सगळं मुकं झालं. तिथं बुरशी लागलेली, मी लेकीला सांगितलं. जिला बुरशी शिवली नाही त्या एकाच कॅसेटीबद्दल. ती पडद्याजवळ जाऊन बसली, तुझे हलणारे ओठ बघत राहिली आणि म्हणाली, “बाबा, आजी काय म्हणतेय?”

“जेवायला बोलावतेय,” मी म्हणालो.