एक्स-रेच्या खोलीबाहेरची भिंत

आई, पंधरा दिवसांपूर्वी पुण्याच्या दवाखान्यात मला टेबलावर पालथं झोपवलं होतं. लघवीची घाई मला आवरत नाही. निवृत्तीआधीची दोन वर्षं मी जुन्नरच्या कॉलेजात भौतिकशास्त्राचे तास अर्ध्यावर टाकून पळत होते. पुढं आळेफाट्यापर्यंतची एसटीही नको वाटायला लागली. औषधांनी भागेना, म्हणून कंबरेखालच्या हाडातून मज्जातंतूपाशी एक बारीक तार बसवायची ठरली. ती मंद वीज देते आणि मूत्राशय शांत राहतं.

डॉक्टरीण माझीच जुनी विद्यार्थिनी. भूल त्या जागेपुरतीच होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. तिनं आधी बोटांनी हाड चाचपून पेनानं रेघा ओढल्या. सुई कुठं पोचली ते एक्स-रेच्या पडद्यावर दिसतं, पण ती पायाखालचं बटण दाबायची आणि लगेच सोडायची. "पायाचा अंगठा हलला, मॅडम. नस सापडली, आता उगीच पडदा बघत बसायला नको." सुई आत जाताना मी, आई, चक्क मी, नर्सला म्हटलं, माझा हात धर.

"धरते, पण फोटोच्या वेळी सोडणार हां. अंगावर शिशाचा एप्रन असला तरी आम्ही आडोशामागं जातो, डॉक्टरांचा नियम आहे."

"माझा कसला, मॅडमचाच," डॉक्टरीण हसत म्हणाली. "किरणांपासून वाचायचं तर वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. बारावीला किती वेळा म्हणून घेतलाय."

मी गार पडले. त्यांना वाटलं, दुखतंय.

तू कुणाचा हात कधी सोडला नाहीस. मंचरच्या त्या दवाखान्यात तू आया होतीस. हाड मोडलेली पोरं एक्स-रेला हलतात, म्हणून तू त्यांना धरून बसायचीस, अंगावर नुसतं लुगडं. "माज्यापाशी पोर रडत नाय," हे तू आपल्या गावात, महाळुंग्यात, ज्याला त्याला सांगायचीस. जो नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, तो तुला एकदाही सांगितला नाही.

तो दिवस अजून डोळ्यांपुढं आहे: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तुझा डबा घेऊन आले आहे. दार उघडं आहे, तुझ्या मांडीवर एक मुलगी. "आत ये की. भ्यायचं काय त्यात, फोटू तर काडत्यात." मी म्हणते, "इथंच बरी आहे," आणि दारातून सरकून भिंतीमागं जाते.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "लई शिकली माजी बाई. आयेच्या खोलीत पाय ठिवायची किळस येती आता." मी मान खाली घालून जेवले. पुढं तू तापानं गेलीस. त्याचा एक्स-रेशी काही संबंध होता का, मला माहीत नाही, आणि मी तो जोडणार नाही. पण किळसेचं ते तू मनात घेऊन गेलीस.

तार नीट बसली आहे. काल एसटीनं मंचरला जाऊन आले, मध्ये कुठंही उतरावं लागलं नाही. दवाखान्याच्या जागी आता कपड्यांचं दुकान आहे. हे पत्र कुठं टाकणार? भौतिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकात ठेवते, एक्स-रेच्या धड्यात.

किळस नव्हती, आई. तो धडा मी त्याच आठवड्यात वाचला होता. भिंतीमागं का उभं राहायचं, ते मला माहीत होतं.