वळणावरचा बांध

७ जानेवारी १९५७, चिंचवड

वाळूची पोती — आणि तीसुद्धा फक्त पाहुण्यांच्या मांडवापुढं!

आज मालकांनी, लक्ष्मणरावांनी, कारखान्यात शर्यतीच्या जागेचा नकाशा टेबलावर पसरला. चाकणच्या वाटेवरची लढाईच्या वेळची ती जुनी विमानांची धावपट्टी. तीन फेब्रुवारीला तिथं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गाड्या पळणार, त्यात आमचीही. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना मांडव, खुर्च्या, पुढं पोत्यांची भिंत. आणि पट्टीच्या टोकाला, जिथं गाडी भरधाव येऊन वळते, तिथं लिहिलंय — 'गावकरी'. त्यांच्यापुढं काय? चुन्याची रेघ!

मी म्हटलं, "साहेब, टायर फुटलेली गाडी चुन्याच्या रेघेला थांबत नाही."

मालक हसले. "ज्योतीराम, तुम्ही इंजिन बघा. माणसांचं क्लब बघेल."

क्लब म्हणजे कोण? अध्यक्ष हेच!

८ जानेवारी

डोकं अजून तापलेलंच.

दीड वर्षापूर्वी फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक गाडी उडाली आणि प्रेक्षकांत पडली. ऐंशीच्या वर माणसं गेली. शर्यत मात्र पुरी केली! ती बातमी मी सयाजीला वाचून दाखवली होती. सयाजी म्हणजे मालकांचा मुलगा, आमची गाडी तोच चालवणार. त्यानं ती पुन्हा एकदा स्वतः वाचली. मग म्हणाला, "ज्योतीभाऊ, चालवणारा निदान आपल्या हौसेनं बसलेला असतो. त्या बघणाऱ्यांचं काय?"

वर्षभर मी त्या मोडक्या इंग्रजी गाडीत जीव ओतलाय. का? तर दिवसभर पळून जो ब्रेक टिकतो, जो तेलाचा पंप टिकतो, तोच उद्या एसटीला, ट्रकला लागतो. या लांबच्या शर्यती असतात त्या आम्हां इंजिनिअरांच्या. मग त्यातून ब्रेक शिकायचे, पंप शिकायचे, आणि माणसं कशानं मेली एवढंच शिकायचं नाही?

१२ जानेवारी

सयाजीबरोबर आकुर्डीच्या पुढपर्यंत जाऊन आलो. गाडी सुरेख चालते. तेल तापत नाही. एका बैलगाडीसाठी त्यानं एवढ्या अलगद वेग उतरवला की बैलांनी मानसुद्धा वळवली नाही. पोरगा चांगला आहे. बापावर गेला नाही.

१५ जानेवारी

क्लबची बैठक. मला दाराशी उभं केलं. मी मातीचा बांध मागितला, छातीइतका उंच, वळणाच्या बाहेरच्या अंगाला. सिमेंट नको, लोखंड नको. माती!

एक गृहस्थ म्हणाले, "मग फोटोत गाड्या अर्ध्याच येतील."

दुसरे म्हणाले, "फुकट बघणाऱ्यांचे एवढे लाड कशाला?"

आणि लक्ष्मणराव! "बांधावर आपटून गाड्यांचा चुराडा होईल, त्याचं काय?" म्हणजे गाड्यांची काळजी आहे! सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा आला.

घरी येऊन मी एवढा आरडाओरडा केला की शेजारच्या रुक्मिणीबाई डोकावून गेल्या. सावित्री पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अहो, हे सगळं मला कशाला सांगताय? ज्यांच्या अंगावर गाडी यायची त्यांना सांगितलंत का?"

नाही सांगितलं. सुचलंच नाही! मला तरी कुठं सुचलं?

२० जानेवारी

रविवार. सायकलवरून धावपट्टीवर गेलो. वळणाला लागून रतनबाईंचं शेत आहे. विधवा बाई, दोन बैल, दीर गेनू, आणि तोंड तिखट. लढाईत निम्मी जमीन पट्टीखाली गेली, ती परत मिळालेली नाही.

मी सांगितलं, त्या दिवशी इथं बसू नका.

"का म्हून?" म्हणाल्या. "आमच्याच रानात गाड्या पळणार, आन आमीच न्हाई बघायचं? समदा गाव येनार हाय. लेकी माहेराला येनार हायेत."

मी फ्रान्सची हकीगत सांगितली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ऐकत राहिल्या. मग गेनूकडं बघितलं. "सायबांनी बांध न्हाई म्हनलं व्हय? त्यांच्या जागंत न्हाई म्हनलं आसंल. हितनं अलीकडं माझी जागा हाय."

मी लगेच पावलांनी वळणाची बाहेरची बाजू मोजायला लागलो.

२७ जानेवारी

बांध झाला! आठवडाभर गाव राबतंय. बांधालगत चर खणायचा, बैलांच्या केणीनं, त्या रुंद फळीनं, माती ओढायची, वर टाकून चोपायची. मी उंची आणि उतार आखून दिला, खणायलाही लागलो. हातांना फोड आलेत.

दुपारी सयाजी मोटारसायकलवरून आला. मला वाटलं बापाचा निरोप आणलाय. त्यानं कोट काढून बाभळीला अडकवला आणि घमेलं उचललं. रतनबाई म्हणाल्या, "आवं, ऱ्हाऊ द्या, कापडं खराब व्हत्याल." तर म्हणतो, "बाई, माझ्याच गाडीपासून तुम्हांला वाचवायचंय, मग माती मी नको टाकायला?" सगळ्या बाया हसल्या.

संध्याकाळी मालक स्वतः आले. मोटारीतून उतरलेच ते ओरडत. "कुणाच्या परवानगीनं?"

रतनबाई पुढं झाल्या. "माझ्या शेतात माझा बांध. परवानगी कुनाची लागती?"

मालकांनी मातीनं भरलेल्या मुलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "शर्यत होऊन जाऊ द्या. मग तुमचं बघतो."

बघा! खुशाल बघा! मी आज पोटभर जेवलो.

२ फेब्रुवारी

टायर नवे घातले. सगळं तपासलं. सयाजीनं पुन्हा तपासलं. उद्या.

४ फेब्रुवारी

लिहवत नाही. लिहायला हवं.

दुपारपर्यंत आमची गाडी दुसरी होती. इंजिन गात होतं. दिवस कलल्यावर, पट्टीच्या टोकाला, वळायच्या जरा आधी पुढचा उजवा टायर फुटला. आवाज मांडवापर्यंत आला. गाडी सरळ गेली. सरळ बांधात.

मी धावलो. बांधामागं सगळा गाव ओळीनं बसलेला — म्हातारी माणसं, माहेरी आलेल्या लेकी, मांडीवर पोरं. कुणाला ओरखडा नाही. माती सांडली ती त्यांच्या अंगावर सांडली, तेवढीच.

अलीकडं, गाडीतून बाहेर काढलेला सयाजी होता. स्टिअरिंगचं चाक छातीत बसलं होतं. रतनबाई बांधावरून उतरून खाली आल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी पोचलो तेव्हा तो त्यांनाच विचारत होता, "कुणाला लागलं का?" त्या म्हणाल्या, "न्हाई रं लेकरा, कुनाला न्हाई."

पुण्याच्या इस्पितळात पोचायच्या आत गेला.

आणि शर्यत? शर्यत चालू! आमची गाडी बाजूला ओढली, झेंडा हलवला, बाकीच्या पुढं पळाल्या. मावळतीला बक्षिसं वाटली. टाळ्या वाजल्या! ज्याचा मुलगा गेला तो माणूस इस्पितळात, आणि इकडं टाळ्या!

६ फेब्रुवारी

सावित्रीनं पेपर लपवून ठेवला होता. सापडला.

'क्लबने दूरदृष्टीने बांधलेल्या भक्कम बांधामुळे मोठा अनर्थ टळला.'

क्लबनं! दूरदृष्टीनं! चहा पीत माना डोलावणाऱ्या त्या लोकांनी! रतनबाईंचं नाव नाही, बैलांमागं राबलेल्या गेनूचं नाही. ज्यानं कोट काढून घमेलं उचललं त्याच्याविषयी एवढंच, की 'चालकाचा दुर्दैवी अंत झाला'. मी उद्या पेपरवाल्यांकडं जाणार. तेराव्यानंतर मालकांच्या तोंडावरही सांगणार. फोटोत गाड्या अर्ध्याच आल्या का, हे विचारणार!

७ फेब्रुवारी

पेपरच्या कचेरीत गेलो. म्हणाले, क्लबनं दिलं तसं छापलं. खुलासा हवा तर क्लबकडून आणा!

१७ फेब्रुवारी

लक्ष्मणराव घरी आले. एकटेच, चालत. सावित्रीनं पाट मांडला, त्यावर बसले. दाढी वाढलेली.

त्यांनी विचारलं, "बांध नसता तर सयाजी वाचला असता?"

मी काहीही सांगू शकलो असतो. खरं तेच सांगितलं. "बहुतेक वाचला असता. पुढं नांगरलेलं रान होतं."

"आणि माणसं?"

"मधे बसली होती, साहेब."

मग म्हणाले, "मी मनातून घाबरलो होतो हो त्या बांधाला. तो चालवणार होता ना." हात जोडले. "बांध असायलाच हवा होता. मला घालता आला नसता. तुमचे उपकार आहेत. पण उद्यापासून कामावर येऊ नका. तुमचं तोंड मला बघवणार नाही."

मी दारापर्यंत गेलो. त्यांच्या चपला पायाशी सरकवून दिल्या.

राग शोधतोय. सापडत नाही.