चाळीस चमचे पाणी

लाडक्या एर्मेक,

तू तिकडे सेऊलमध्ये घाम गाळतोस आणि इथे बिश्केकमध्ये तुझा फ्लॅट भाड्याने देऊन सांभाळायला बसवलंस कुणाला, तर अक्षरशत्रू आजीला! भाड्यातून बँकेचा हप्ता जातो, हे मला कळतं. हप्ता चुकला तर तारण ठेवलेलं माझं घर जाईल, हेही कळतं. तुझ्या भाडेकरणीचा, चिनाराचा, नवरा पळाला, भाडं थकलं, म्हणून तिला जागा खाली करायला सांगायला मी गेलेच होते.

दार उघडलं तर बाळाचा चाळिसावा दिवस, चाळीस चमच्यांच्या न्हाणाचा. "अपा, बरं झालं आलात," ती म्हणाली, "पाणी घालायला घरात कुणी वडीलधारं नाही." आणि चमचा माझ्या हातात. हात मागे घेणार होते का? चाळीस चमचे पाणी घातलं त्या पोराच्या अंगावर. आता त्यालाच रस्त्यावर काढू? गल्लीतल्या बायका माझ्या दारात थुंकतील, आणि बरोबरच करतील.

सोमवारी बँकेचा माणूस येणार आहे. त्याला चहा देईन. दुसरं काय आहे माझ्या हातात?

हे पत्र चिनाराच लिहितेय. मला दुसरं कोण लिहून देणार? मघाशी तिने पेन थांबवून विचारलं, "अपा, जागा खाली करायला सांगणार होतात, तेही लिहू?"

"लिही गं बये, सगळंच लिही."

लिहिलं. आता म्हणते, पत्र टाकायला जाईन ती सामान घेऊनच जाईन. म्हणून पत्ता घातलेलं पाकीट मी बुडाखाली घेतलंय, पोर मांडीवर झोपलंय.

उठायची सोय न उरलेली,
तुझी आजी बुरुल