रविवारी सांगलीत बोलायचं ते

वडूज,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

जय जिनेंद्र. दाजींचा गुडघा आता कसा आहे? ब्राह्मीचं लग्न त्या पाहुण्यांकडं जवळजवळ ठरल्याचं कळलं. बरं वाटलं. आमचा ड्रायव्हर जयराज औषधं आणायला सांगलीला गाडी घेऊन येतोय, त्याच्या हाती हे पाठवते. फोनवर तू मधेच ठेवून देशील, म्हणून लिहिते.

इथलं बरं नाही. रस्त्यावर भटकताना सापडलेल्या वेड्या बायकांना आम्ही ज्या जागेत सांभाळतो, ती मालकानं विकली. महिनाअखेर रिकामी करायची. परवा घेणारा जागा बघून गेला. तेव्हापासून त्यातली साळूबाई गाठोडं बांधून फाटकाशी बसली आहे. उठवलं की म्हणते, "हाकलायच्या आदी आपणच निघालेलं बरं." तिला काय सांगू?

दिवाळीपासून देणग्या मागत फिरतेय. सातारा, कोरेगाव, कवठे महांकाळ. फोटो दाखवते, अहवाल देते. लोक चहा पाजतात, "लय मोठं काम हाय तुमचं" म्हणतात आणि दारापर्यंत सोडायला येतात. चप्पल घालताना मला रडू येतं.

गेल्या आठवड्यात सांगलीत आर्जवशेठ मगदुमांकडं गेले होते. तुझ्याकडं आले नाही, राग मानू नकोस. तुला दाखवायला तोंड नव्हतं, का ते पुढं कळेल. त्यांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, समाजात शब्दाला वजन आहे. त्यांनी अहवाल उघडलाच नाही. म्हणाले, "ताई, असले कागद रोज येत्यात. तुमी ह्यात कशापायी पडला, तेवढं सांगा."

नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. अक्का, मी आईचं सांगितलं.

ती उठून कुठंही जायची, अण्णा तिला खोलीत कोंडायचे, एका सकाळी कडी उघडी राहिली आणि ती गेली ती गेलीच. आपण गावाला सांगितलं, यात्रेला गेली, तिकडंच वारली. आजही गाडीतून नवी बाई उतरली की मी आधी तिचा चेहरा बघते. हे मी तुलासुद्धा कधी बोलले नव्हते.

शेठ उठून दार लोटून आले. मग म्हणाले, "माझी धाकटी भण अशीच वरच्या माडीवर कोंडलेली हाय. बाहेर कुणाला ठावं न्हाई." जागा ते द्यायला तयार आहेत, पण महिनाअखेरच्या आत तिथं पत्र्याच्या खोल्या उभ्या करणं त्यांना एकट्याला झेपायचं नाही. रविवारी ते समाजातल्या मोठ्या लोकांना बोलावणार आहेत. "तुमी आईचं बोला, मी भणीचं बोलतो. मग बघू कोण गप बसतंय."

ब्राह्मीचे पाहुणे तिथं असणार, हे मला ठाऊक आहे. तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही. पण मग या बायकांना घेऊन कुठं जाऊ, ते तूच सांग. मला काही सुचत नाही. रात्री झोप नाही.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेली,
प्रियदर्शनी


सांगली,
६ फेब्रुवारी २०२५

प्रिया,

पत्र वाचून आधी तुझा लय राग आला. दोन दिवस ते उशीखाली दडवून ठेवलं. मग ते ब्राह्मीच्या हातात दिलं. ती म्हणाली, "आजी मेली असं मला का सांगितलं, आई?"

दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा म्हणून काल मी स्वतः पाहुण्यांना फोन केला. सगळं सांगितलं. "बघतो, कळवतो" म्हणाले. आवाजावरून मला कळलं, आता जमायचं नाही. ब्राह्मी रडली, जेवली नाही. आज सकाळी मात्र रविवारी कुठली साडी नेसू म्हणून विचारत होती.

आम्ही दोघी पुढं बसू. तुझा आवाज अडला तर माझ्याकडं बघ. एकच सांगते. नुसतं "आमची आई" म्हणू नकोस, तिचं नाव घे. इतक्या वर्षांत आपल्या घरात ते कुणी उच्चारलं नाही.

हरणाबाईची थोरली,
गुणमाला