कुंभार्लीचे नऊ मुक्काम

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चहा गाळताना एकदम तो बांध आठवला. हरणाबाईची काळी पडलेली किटली आणि आम्हा दोघींत एकच बशी. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. आटपाडीकडून तिचा वाडा कोकणात निघाला होता – वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं, सगळं चालतं गावच – आणि खतासाठी आमच्या रानात दोन रात्री मेंढरं बसवली होती. ह्यांनी मला ज्वारी पोचवायला पाठवलं. मी उंच टाचांच्या चपला घालून ढेकळांतून गेले! तिनं चहा केला. एक घोट तिनं, एक घोट मी. मग विचारलं, "वैनी, तुमाला काय काय येतं?" स्वयंपाक येत नव्हता. खरं तेच सांगितलं – गाडी चालवता येते. ती इतकी हसली की बशी सांडली. "मग मला एकडाव घाटाखाली गाडीतनं न्या." मी म्हटलं, नेईन.

चाळीस हिवाळे झाले त्याला. दर वर्षी दिवाळीनंतर ती दोन रात्री यायची आणि पुढे घाट उतरून जायची. गुडघे गेल्यापासून सहा वर्षं घरीच आहे. आता तिचा मुलगा बिरदेव वाडा घेऊन जातो.

आणि आज तिचा फोन आला. संक्रांत झाली की बिरदेव मेंढरं विकणार. चुलतभावाबरोबर चांदी गाळायच्या धंद्याला तिकडे दक्षिणेत जाणार. म्हणजे घाटाखालचा वाडा हा शेवटचाच. "वैनी, न्हेता का?"

मी हो म्हणून टाकलं. वीस तारीख. कुंभार्ली घाट. चालवणार मी!

७ डिसेंबर, रविवार

दिवसभर वही-पेन्सिल घेऊन बसले. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय – आधी तक्ता, मग प्रवास. रहिमतपूर, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, घाट, खाली पोफळी. तीन-साडेतीन तास. टायर, ब्रेक, वायपर, धुक्याचे दिवे. बॅटरी, दोरी, औषधं, लिंबू. (पाचगणीहून सुट्टीला पसरणी घाट उतरताना शाळेच्या बसमध्ये सगळ्यांना लिंबू हुंगायला देत आणि गाणं म्हणायला लावत. गाणारं मूल ओकत नाही, असं सिस्टरांचं ठाम मत होतं.)

धैर्यशीलचा पुण्याहून फोन आला. "आई, ड्रायव्हर घे. मी पाठवतो."
"तुला चालवायला कोणी शिकवली?"
"तूच. म्हणूनच सांगतोय."
उद्धट! पण हसू आलं. राणीला ऐकवलं तर ती म्हणाली, "काकी, मी हाय की." राणी म्हणजे बिरदेवची मुलगी, हरणाबाईची नात. दोन वर्षं माझ्याकडे मागच्या खोलीत राहते आणि रोज लोणंदपर्यंत दुधाचा टेम्पो चालवते. म्हटलं, तू चल, पण मागे बस. तोंड पाडलं तिनं. पडू दे.

९ डिसेंबर, मंगळवार

टायर नवे बसले. गाडीला चारी बाजूंनी बघून आले. मुलगी दाखवायला काढल्यासारखी दिसते!

१२ डिसेंबर, शुक्रवार

हरणाबाई आली. एसटीतून उतरताना हातात पिशवी आणि डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. मला वाटलं, बाजरी. उलगडलं तर – दगड! काळा, चांगला दहा किलोचा.

"घाटात गाडी थांबली की चाकामागं लावाय."
"अगं, दगड काय घाटात मिळत नाहीत?"
"खालचा जांभा ठिसूळ असतोय, वैनी. ह्यो आमच्या माळाचा."

राणी हसून हसून जमिनीवर बसली. "आज्जी, तू येष्टीत दगडाचं तिकीट काढलंस का?" कंडक्टरनं विचारलं होतं म्हणे. हिनं सांगितलं, देव हाय.

माझ्या तक्त्यात आता बॅटरी, दोरी, औषधं, लिंबू, आणि दगड.

१३ डिसेंबर, शनिवार

आज खरा घोळ झाला. तक्ता वाचून दाखवला. हरणाबाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मुक्काम कुठं लिवलेत?"

मुक्काम? तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. हे रान, मसूर, उंब्रज, मल्हारपेठ, पाटणच्या अलीकडे एक, पलीकडे एक, हेळवाक, घाटमाथा, पोफळी. नऊ मुक्काम! तिच्या डोक्यात रस्ता तसाच आहे – कुठे पाणी, कुठे कुणाचं रान.

"आज्जी, तीन तासांत पोचतोय आपण," राणी म्हणाली.
"तीन तासांत कुणाकुणाला भेटणार? ज्यांच्या रानात जल्मभर बसलो त्यांच्या दारावरनं गाडीत बसून तशीच जाऊ? काय म्हणतील?"

दुपारभर तह चालला होता. शेवटी ठरलं ते असं – तीन ठिकाणी उतरून चहा, बाकीच्या रानांसमोर गाडी हळू करून हॉर्न. मल्हारपेठला ज्याच्या रानात वाडा बसायचा त्या जोतीरामनं मात्र फोनवर साफ सांगितलं, "वैनी, हॉर्नवर भागायचं न्हाई. जेवूनच जायचं." तर चहा तीन, जेवण एक, हॉर्न तीन. तीन तासांचे आता आठ तास झाले. मी मध्येच गाणं गुणगुणतेय असं राणी म्हणाली.

१४ डिसेंबर, रविवार

रंगीत तालीम म्हणून हरणाबाईला घेऊन मसूरपर्यंत गेले. राणीला घरी ठेवलं. तिच्या नजरेचा जाच नको. काय सुंदर ऊन होतं! हरणाबाई पुढच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून, नवरीसारखी. प्रत्येक रान दाखवत होती. "हितं आमची घोडी व्याली. हितं पाऊस लागला, सगळी शाळंत झोपलो."

परत येताना – चार वाजले असतील, लख्ख उजेड – ती ओरडली, "थांब गं!"

मी ब्रेक दाबला. डाव्या हाताच्या पाणंदीतून उसाची ट्रॉली अर्धी रस्त्यावर आली होती. ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्यांचा डोंगर. उसाची टोकं बॉनेटला टेकली आणि एक ओरखडा उठला, बस. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "काकू, हॉर्न तरी ऐकायचा." म्हणजे तो वाजवत होता.

फाटकापाशी हरणाबाई म्हणाली, "धुकं असलं की आमी कळप हलवत न्हाई. आपल्याच पायाची बोटं दिसूस्तवर बसून ऱ्हायचं."
"आज धुकं कुठे होतं?"
"त्येच म्हणती मी."

पण चाळीस वर्षांत ती मला पहिल्यांदा अगं-तुगं बोलली! 'थांब गं'! मला त्याचाच आनंद जास्त झालाय. वेडी आहे मी.

१५ डिसेंबर, सोमवार

काच मळली असणार. पुसली.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळच्या पॅसेंजरनं सांगलीला जाऊन आले. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर. गाडी असताना रेल्वेनं का जातेय, असं कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

माधवनगरला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून बघत राहिले. इथल्या गिरणीत बाबा मॅनेजर होते. गिरणीमागच्या रस्त्यावर त्यांनी मला फियाट शिकवली. सतरा वर्षांची होते. बाबा शेजारी बसून वर्तमानपत्र वाचायचे – खरंच वाचायचे! एकदाही ब्रेकवर असल्यासारखा पाय दाबला नाही. तेवढा विश्वास पुढे कुणी टाकला नाही माझ्यावर. ह्यांनीसुद्धा नाही. हे तर हँडब्रेकवर हात ठेवून बसत.

डॉक्टरांनी एका यंत्रात डोकं ठेवायला लावलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी आपली मजेत दाबत होते. मला वाटलं, पैकीच्या पैकी. मग त्यांनी कागद दाखवला. डाव्या बाजूला सगळं काळं.

काचबिंदू. समोरचं चांगलं दिसतं, म्हणून कळत नाही म्हणाले. बाजूचं गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं टिकवायचं.
"गाडी चालवता?"
"कधीतरी."
"आता नको."

मी मान हलवली. बाहेर येऊन भडंग घेतलं, दोन पाकिटं, वाटेत खायला.

१८ डिसेंबर, गुरुवार

"डाक्टर काय म्हणाला?"
"नंबर वाढलाय थोडा."
हरणाबाई भाकरी थापत होती. थापत राहिली.

हे फक्त मला आणि त्या डॉक्टरांना माहीत आहे. आणि रस्ता मला पाठ आहे! सकाळच्या उजेडात निघायचं. वीसच्या वेगानं. घाटात डावीकडे डोंगर असेल की दरी? जाताना... राणीला न विचारता फोनमध्ये बघितलं, कळलं नाही. एक आरसा वरून जास्तीचा बसवून मिळतो म्हणे. तोही बसवला. नवे दिवे, नवे टायर, जास्तीचा आरसा. सगळी गाडी नवीन झाली. तक्ता परत एकदा तपासला. एकूण एक गोष्टीपुढे बरोबरची खूण आहे.

चालवणाऱ्याचा रकाना तक्त्यात मी केलेलाच नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून हसणं, बांधाबांध. बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगाचटणी, नातवंडांना भडंग. बिरदेवचा फोन आला. हरणाबाईनं स्पीकरवर टाकला.

"वैनी, तुमी स्वता आणताय म्हणं आयला? सगळा वाडा उद्या पोफळीला रस्त्यावर हुबा ऱ्हाणार हाय बघा. बारकी पोरं तर लय नाचाय लागल्यात. बाई गाडी चालवत घाट उतरणार म्हणून."
"मेंढरं सोडून उभे राहू नका," मी म्हटलं.
"मेंढरंबी आणतो की."

फोन ठेवल्यावर हरणाबाई माझ्या पायाशी बसली. मी वर बस म्हटलं तरी बसली नाही.

"वैनी, मी कळप कवा दुसऱ्याच्या हातात दिला न्हाई. बिरदेवच्याबी न्हाई, गुडघं जाऊस्तवर. उद्या मीच तुमच्या हातात बसणार."
"भीती वाटते का?"
"तुमी हाय म्हणल्यावर कशाची?"

ती झोपायला गेली. ती जाणून बोलली की नाही, मला कळत नाही. ट्रॉली तिनं पाहिली होती. मी नव्हती पाहिली. तरी उद्या ती त्याच सीटवर बसणार आहे आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

२० डिसेंबर, शनिवार, पहाट

हे पान फाडून फ्रीजवर लावते आहे. तोंडानं सांगायला गेले तर मध्येच फिरेन.

चावी राणीला. आजच्यापुरती नाही, कायमची. गाडीही तिलाच. कागदपत्रं कपाटात निळ्या फाइलमध्ये आहेत. धैर्यशीलनं गाडी तिच्या नावावर करून द्यावी. का म्हणून विचारलं तर सांगलीचा रिपोर्ट त्याच फाइलमध्ये आहे, तो वाचावा आणि मला लगेच फोन करू नये. संध्याकाळी करावा.

माझं लायसन्सही धैर्यशीलला. मी कितीही गोड बोलले तरी परत देऊ नये.

गॉगल राणीला. घाटात तिरपं ऊन येतं.

पुढची सीट हरणाबाईला.

मागची मला. मी मधोमध बसणार आहे. तिथून दोघींच्या मधून समोरचा रस्ता पूर्ण दिसतो.